पहिल्यांदाच महिनाभर रोजे धरताय? तब्येत सांभाळायची ती रात्री

माझ्या पहिल्या रोज्याच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास डोके इतके ठणकू लागले, की शेजारच्या खोलीत कुणी भांडे खाली ठेवले तरी कपाळात कळ जायची. मला वाटले, भूक सोसवत नाही. दादी तसबीह ओढता ओढता म्हणाली, "भूक कसली, तुझा चहा बोंबलतोय." दिवसाला पाच कप चहा पिणारा मी तो एका सकाळी एकदम बंद करून बसलो होतो. पुढे बरीच वर्षे रोजे धरताना आणि इतरांना धरताना पाहिले, तेव्हा हेच पुन्हा पुन्हा दिसले. दिवसा होणारे बहुतेक त्रास आदल्या रात्रीचे किंवा आदल्या आठवड्याचे असतात. सूर्य वर असताना आपल्या हातात फारसे काही नसते. जे करायचे ते सूर्यास्त ते पहाट एवढ्याच वेळात. म्हणून या लेखात उपाशी राहण्याबद्दल कमी आणि खाण्यापिण्या-झोपण्याबद्दल जास्त आहे.

अगदी नव्या माणसासाठी दोन गोष्टी आधी. रमजान हा हिजरी वर्षाचा नववा महिना, २९ किंवा ३० दिवसांचा. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने रमजान दर वर्षी तेवढा अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०३० साली तर तो जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा सुरू होईल. त्यामुळे "मागच्या वेळी मला काहीच झाले नाही" हा अनुभव दहा वर्षांनी कामाला येईलच असे नाही. विषुववृत्ताजवळ रोजा बारमाही साडेतेरा तासांच्या आसपास असतो. उत्तरेकडच्या देशांत उन्हाळ्यात तो अठरा तासांच्याही पुढे जातो. दुसरी गोष्ट, रोजा सूर्योदयाला नाही, फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजीच्या, वेळेला सुरू होतो. ही वेळ बहुतेक ठिकाणी सूर्योदयाच्या सव्वा ते दीड तास आधी असते. "अजून उजाडले कुठे" म्हणत पाणी पीत बसणारे नवशिके दर वर्षी भेटतात.

पायरी पहिली: धरावा की नाही, हे रमजानच्या आधी विचारा

निरोगी प्रौढ माणसाला महिनाभराचे रोजे सोसतात. पण मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, फिट्स, मूतखडा, अल्सर, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर चंद्र दिसायची वाट पाहू नका. सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. औषध बदलायचे असेल तर ते अंगवळणी पडायला एवढा वेळ लागतोच.

"मला धर्मात सूट आहे का?" हा प्रश्न पुष्कळ जण लाजत विचारतात. लाजण्यासारखे त्यात काही नाही. सूट मुळातच दिलेली आहे. कुरआनच्या सूरह बकरातल्या १८४ आणि १८५ या आयतींत आजारी आणि प्रवासी माणसाला तेवढे रोजे दुसऱ्या दिवसांत पूर्ण करायची मुभा आहे. यालाच कझा रोजे म्हणतात. बरा न होणारा आजार किंवा अतिवृद्धपण असेल तर प्रत्येक रोज्यामागे एका गरजूला जेवण द्यायचे, तो फिदिया. वयात न आलेल्या मुलांवर रोजा बंधनकारक नाही. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला स्वतःच्या किंवा बाळाच्या तब्येतीची भीती असेल तर सूट आहे. पाळीच्या दिवसांत तर रोजा धरायचाच नसतो, तो नंतर भरून काढायचा. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण घराघरात दिसते: त्या दिवसांत बायका सगळ्यांसमोर खायला संकोचतात आणि दिवसभर अर्धपोटी राहतात. पाळीच्या दिवसांतही शरीराला अन्न-पाणी लागतेच. घरातल्या पुरुषांनी त्यांना निवांत खाता येईल एवढी मोकळीक ठेवली तरी खूप झाले.

मधुमेहावर थोडे जास्त बोलायला हवे. २००१ साली १३ देशांतल्या बारा हजारांहून जास्त मधुमेही मुस्लिमांची पाहणी झाली होती. टाइप २ असलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के आणि टाइप १ असलेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के लोकांनी निदान पंधरा दिवस तरी रोजे धरले होते. म्हणजे डॉक्टर 'नको' म्हणोत की काही, लोक धरतातच. त्याच पाहणीत साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाण्याचे प्रकार रमजानमध्ये कित्येक पटींनी वाढलेले दिसले: टाइप १ मध्ये सुमारे पावणेपाच पट, टाइप २ मध्ये साडेसात पट. म्हणून लपूनछपून धरण्यापेक्षा डॉक्टरांना सांगून, गोळ्या बदलून धरलेला बरा. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या रमजानविषयक मार्गदर्शिकेत रुग्णाला गुण देऊन कमी, मध्यम आणि जास्त धोका असे तीन गट केले आहेत. तुम्ही कोणत्या गटात येता, हे डॉक्टरांना थेट विचारा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि साखर एकदम खाली नेणाऱ्या गोळ्या, विशेषतः ग्लायबेनक्लामाइडसारख्या जुन्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय पहिला रोजाही धरू नये. मेटफॉर्मिनचा धोका त्या मानाने कमी, तरी वेळा बदलाव्या लागतात. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्यांनी अंगातले पाणी कमी होते, म्हणून त्या रमजानच्या तोंडावर नव्याने सुरू करू नयेत.

बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुसंख्य आलिमांचे, म्हणजे धर्मपंडितांचे, मत आहे. तेव्हा दिवसा तपासायला कचरू नका. दम्याच्या पंपाबद्दल आणि नाकात घालायच्या थेंबांबद्दल मात्र मते वेगवेगळी आहेत. तुम्ही ज्यांचे ऐकता त्या आलिमांना आधीच विचारून ठेवा. दम लागल्यावर बसून फतवा शोधायचा नसतो. श्वास कोंडला तर पंप आधी, प्रश्न नंतर.

इतर गोळ्यांचे गणित सोपे आहे. दिवसातून एकदाची गोळी बहुधा इफ्तारला (सूर्यास्तानंतर रोजा सोडताना) किंवा सहरीला (रोजा सुरू होण्यापूर्वीच्या पहाटेच्या जेवणाला) सरकते, दोनदाची दोन्हीकडे वाटली जाते. तीनदाची असेल तर डॉक्टरांना तिच्याऐवजी लांब परिणामाची गोळी मिळेल का, ते विचारा. सकाळ-दुपार-रात्रीच्या तिन्ही गोळ्या इफ्तारला एकदम घेऊन टाकणारे मी पाहिले आहेत. असे करू नका. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी घ्यायची असल्याने तिची अडचण होते. सहरीच्या अर्धा तास आधी उठून घ्या, नाहीतर रात्रीच्या जेवणानंतर तीनेक तासांनी झोपताना. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी सहरीला घेतली तर प्यालेले पाणी दुपारपर्यंत निघून जाते. ती वेळही विचारून बदलून घ्या.

पायरी दुसरी: दोन आठवडे आधीचा सराव

चहा-कॉफीपासून सुरुवात करा. कॅफीन एकदम तुटले की १२ ते २४ तासांत डोके धरते आणि तो त्रास काही दिवस, कधी आठवडाभरही राहतो. रमजानचा पहिला आठवडा डोके धरून घालवायचा नसेल तर दर दोन-तीन दिवसांनी एकेक कप कमी करत या. सगळ्यात शेवटी सकाळचा कप काढा, कारण तोच जास्त चिकट असतो. रमजानपर्यंत इफ्तारनंतरच्या एका कपावर येता आले की झाले. सिगारेट-तंबाखूवाल्यांनाही हेच. रोज्यात दिवसभर ती बंदच असते, म्हणजे सोडायला याहून सोयीचा महिना नाही. पण अनेक जण इफ्तारला खजुराच्या मागोमाग सिगारेट पेटवतात आणि रिकाम्या पोटी भोवळ येऊन खाली बसतात.

रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यात एखाद-दुसरा सोमवार किंवा गुरुवार धरून पाहा. हे नफ्ल, म्हणजे ऐच्छिक, रोजे आहेत, मनात इबादत असतेच, पण शरीरालाही अंदाज येतो. तुम्हाला दुपारी झोप येते की डोके दुखते, सहरीला काय पचते आणि काय नाही, हे महिना सुरू व्हायच्या आधीच कळते. दुखरी दाढही याच दिवसांत दाखवून या.

रोज्यात शरीरात काय घडते

हे थोडक्यात कळले की पुढचे सल्ले पाठ करावे लागत नाहीत. सहरीचे अन्न पचून रक्तात उतरायला काही तास जातात. त्यानंतर यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजन, वापरली जाते. हा साठा साधारण शंभर ग्रॅमचा. तो ओसरू लागतो तसे शरीर चरबीकडे वळते. दुपारनंतर जी सुस्ती आणि थंडी वाटते ती या बदलाची. आठवड्याभरात शरीराला याची सवय होते आणि दहाव्या रोज्यानंतर लोक "आता काही वाटत नाही" म्हणू लागतात ते खोटे नसते. पाण्याची मात्र अशी कुठलीच कोठी शरीरात नाही. श्वास, घाम आणि लघवी यांतून ते जातच राहते. त्यामुळे बारा-चौदा तासांच्या रोज्यात निरोगी माणसाला खरी काळजी अन्नाची नसते, पाण्याची असते.

पायरी तिसरी: सहरी चुकवू नका, आणि घाईने करू नका

"मला पहाटे खाववत नाही, मी रात्री उशिरा जेवून झोपतो." नव्या माणसांचे हे आवडते वाक्य. यात रोजा तीन-चार तासांनी लांबतो आणि सकाळी अकरालाच अंगातले त्राण जाते. सहरीत बरकत आहे, आणि ती शक्य तितकी उशिरा करावी, ही पैगंबरांची शिकवण. शरीराच्या हिशेबानेही ती बरोबरच बसते.

फजरच्या पाऊण तास आधी उठा. आधी एक पेला पाणी. मग असे खा की जे हळूहळू पचेल: कोंड्यासकट धान्य, डाळ किंवा कडधान्य, अंडी, दही, थोडा सुकामेवा, एखादे फळ. अंडी-दह्यासारखी प्रथिने आणि थोडी चरबी असेल तर पोट उशिरा रिकामे होते. पांढरा पाव आणि मुरंबा, किंवा नुसती गोड खीर खाल्ली तर साखर झपकन चढते आणि तशीच उतरते. लोणचे, पापड, खारवलेले मांस, चीज, पाकिटातल्या नूडल्स हे सगळे सहरीला टाळा. मीठ पोटात गेले की घसा दुपारच्या आत कोरडा पडतो. तिखटाचेही तेच, शिवाय छातीत जळजळ. चहा घेतलाच तर छोटा आणि फिका, आणि पाण्याऐवजी नव्हे.

पाण्याची माझी फजिती सांगतो. एका वर्षी गजर वाजूनही मी झोपलो आणि वेळ संपायला सात-आठ मिनिटे असताना उठलो. घाबरून उभ्या उभ्या जवळजवळ दीड लिटर पाणी ढोसले. फजरच्या नमाजीत पोट डुचमळत होते, आणि सूर्योदयापर्यंत तीनदा लघवीला जाऊन सगळे बाहेर. एकदम आत गेलेले जास्तीचे पाणी मूत्रपिंडे तासा-दीड तासात गाळून टाकतात, ते साठवून ठेवत नाहीत. सहरीला दोन पेले पुरतात, तेही जेवताना थोडे थोडे. बाकीचे रात्रभर वाटून प्यायचे असते, त्याचा हिशेब खाली इफ्तारपाशी दिला आहे.

आणि उठायला फारच उशीर झाला तर? तीन खजूर, एक पेला दूध, एक पेला पाणी. पाच मिनिटांत एवढे होते. त्या दिवशी काम मात्र जरा बेताने करा. खाऊन झाल्यावर दात घासायला विसरू नका. दिवसभर तोंडाला येणाऱ्या वासाची निम्मी तक्रार तिथेच मिटते. दिवसा मिसवाक, म्हणजे दातण, चालते. पेस्ट घशाखाली जाण्याची भीती वाटत असेल तर दिवसा ती नको.

पायरी चौथी: दिवसभर अंग कसे राखावे

डोक्याचे किंवा अंगमेहनतीचे जड काम सकाळी उरका. असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजीच्या, सुमारास बहुतेकांचा वेग मंदावतो, तेव्हा त्या वेळेत किरकोळ कामे ठेवा. उन्हात काम करणाऱ्यांनी सावलीतली विश्रांती मागून घ्यावी, डोके झाकावे, मानेवर आणि मनगटांवर ओले फडके फिरवावे. आंघोळीला किंवा चेहऱ्यावर पाणी मारायला रोज्यात बंदी नाही. जोहरच्या, म्हणजे दुपारच्या, नमाजीनंतर वीस-तीस मिनिटांची डुलकी, जिला कैलूला म्हणतात, ती रात्रीची तुटलेली झोप बरीच भरून काढते. दीड-दोन तास झोपलात तर मात्र उठल्यावर डोके जड, आणि रात्री डोळा लागत नाही.

बसल्या जागेवरून झटकन उठू नका. पाणी कमी झाले की रक्तदाब थोडा खाली असतो आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. गाडी चालवणाऱ्यांनी इफ्तारच्या आधीचा तास विशेष जपावा. भूक, झोप आणि घरी वेळेत पोचायची घाई तिन्ही त्या वेळी एकदम येतात. डबीत तीन खजूर आणि पाण्याची बाटली गाडीत कायम ठेवली की घाईचे कारणच उरत नाही. रस्त्याच्या कडेला थांबून रोजा सोडता येतो.

लघवीच्या रंगावर लक्ष ठेवा. दुपारी ती गडद पिवळी असणे रोज्यात स्वाभाविक आहे. झोपण्यापूर्वीही तेवढीच गडद असेल तर रात्रीचे पाणी कमी पडते आहे.

पायरी पाचवी: इफ्तार दोन भागांत

महिन्याभरात वजन वाढवून घेणारे आणि पित्ताच्या गोळ्या खाणारे लोक जे काही बिघडवतात ते या एका तासात. समोर दस्तरखान मांडलेला, तळणीचा वास सुटलेला, आणि दिवसभराची भूक. अशा वेळी संयम ठेवा म्हणून सांगणे फुकट आहे. त्यापेक्षा क्रमच असा लावा की संयमाची फारशी गरज पडू नये.

वेळ होताच रोजा सोडा, उशीर करू नका. एक ते तीन खजूर, नसतील तर नुसते पाणी, ही पैगंबरांची रीत. खजुरातली साखर लवकर रक्तात उतरते, त्यासोबत पोटॅशियम आणि थोडा चोथाही मिळतो. मोठ्या जातीच्या एका खजुरात सुमारे ६५ उष्मांक आणि १६ ग्रॅम साखर असते, म्हणून मधुमेह्यांनी एकावर थांबावे. मग दीड-दोन पेले साधे पाणी, एका दमात नाही. बर्फगार पाण्याने रिकाम्या पोटात कळ येते. यानंतर वाटीभर पातळ सूप किंवा डाळीचे पाणी, थोडे फळ, आणि ताटावरून उठा. मगरीबची, म्हणजे सूर्यास्तानंतरची, नमाज पढा. ही दहा-पंधरा मिनिटे म्हणजे पोट आणि मेंदू यांना मिळालेली सवड आहे. भूक भागल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला वीसेक मिनिटे लागतात. नमाजीहून परत येता तोवर भुकेची धार गेलेली असते.

आता जेवा, नेहमीच्या रात्रीच्या जेवणाइतकेच. अर्धे ताट भाज्या आणि कोशिंबिरीचे, पाव ताट डाळ, मासे, कोंबडी किंवा अंडी अशा प्रथिनांचे, उरलेले पाव भात किंवा भाकरीचे. तळलेले पूर्ण सोडा असे मी सांगणार नाही, कारण कुणी ऐकत नाही. आठवड्यातून दोन दिवस ठरवा आणि त्या दिवशी दोन तुकड्यांवर थांबा. रंगीत सरबतांबद्दल मात्र मी कडक आहे. एका मोठ्या पेल्यात सहज पाच-सहा चमचे साखर जाते आणि त्याने तहान भागत नाही. गोड हवे असेल तर तरावीहनंतर, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या खास नमाजीनंतर, थोडे.

पाण्याचा हिशेब उदाहरणाने सांगतो. समजा मगरीब साडेसहाला आणि फजर सव्वापाचला आहे. इफ्तारला दोन पेले, जेवणासोबत एक, तरावीहला निघताना एक, मधल्या विश्रांतीत घोट घोट करत एक, परतल्यावर एक, झोपण्यापूर्वी एक, आणि सहरीला दोन. नऊ पेले, म्हणजे सव्वादोन लिटरच्या आसपास. उन्हाळ्यात किंवा घाम गाळणारे काम असेल तर त्यात दोन-तीन पेले वाढवा. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी पाण्याची मर्यादा घातली असेल तर हे आकडे विसरा आणि त्यांचेच ऐका.

पायरी सहावी: व्यायाम थांबवू नका, वेळ आणि मात्रा बदला

रमजानमध्ये व्यायाम सोडणारे ईदनंतर परत येतातच असे नाही. अव्वल खेळाडूही हा महिना निभावतात. बास्केटबॉलपटू हकीम ओलाजुवॉन १९९५ च्या फेब्रुवारीत रोजे धरून खेळला आणि त्या महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१२ चे लंडन ऑलिंपिक तर ऐन रमजानमध्ये आले होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या एका सामन्यात सूर्यास्त झाल्यावर खेळ क्षणभर थांबला, आणि वेस्ली फोफाना या बचावपटूने मैदानाच्या कडेला रोजा सोडला. अर्थात त्यांच्यामागे आहारतज्ज्ञांची फौज असते. आपण आपल्या बेताने घ्यावे.

चालणे, हलके सायकलिंग, योगासने किंवा ताणाचे व्यायाम इफ्तारच्या तास-पाऊण तास आधी करा. तहान लागलीच तर पाणी जवळ आलेले असते. वेग एवढाच ठेवा की चालता चालता बोलता यावे. वजने उचलणे, जोर-बैठका, धावणे असे जड काही असेल तर ते इफ्तारनंतर दोन-एक तासांनी, किंवा तरावीहनंतर. भर दुपारी उपाशी पोटी धावायला जाणे ही हिंमत नव्हे, हट्ट आहे.

पहिल्या आठवड्यात नेहमीच्या निम्मा व्यायाम पुरे. त्यानंतर वजन तेवढेच ठेवून सेट कमी करा. ताकद टिकवायला लागणारी मेहनत ती कमावायला लागलेल्या मेहनतीपेक्षा खूप कमी असते, म्हणून आठवड्यातून दोन-तीन वेळा अर्धा-पाऊण तास पुरतो. नवे विक्रम रमजाननंतरच्या शव्वाल महिन्यावर ढकला. स्नायू झडू नयेत म्हणून वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने इफ्तार, रात्र आणि सहरी यांत वाटून घ्या; सगळी एकाच जेवणात कोंबायची नाहीत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा तुमच्यासाठी नाही.

तरावीहला कमी लेखू नका. आठ रकात (नमाजीची आवर्तने) असोत की वीस, उभे राहणे, वाकणे, सजदा (जमिनीला कपाळ टेकणे) आणि पुन्हा उभे राहणे यातून सगळ्या सांध्यांची मंद हालचाल होते, आणि जेवणानंतर लगेच आडवे होण्याची सवयही मोडते. गुडघे दुखणाऱ्यांनी खुर्चीवर बसून पढावी. पोट तुडुंब भरून गेलात तर दुसऱ्याच सजद्यात आंबट पाणी घशाशी येते, हेही एकदा अनुभवून कळतेच.

झोप

ती तुकड्यांतच मिळणार, हे मान्य करून टाका. तरावीहनंतर फोन बाजूला ठेवून चार-साडेचार तास, फजरनंतर जमेल तर तास-दीड तास, आणि दुपारची डुलकी, अशी बेरीज सहा-सात तासांपर्यंत न्या. रात्रभर गप्पा मारत जागून सहरी करून झोपणारी आणि दुपारी तीनला उठणारी तरुण मंडळी असतात. त्यांचा रोजा मोडत नाही, पण दिवस-रात्र उलटी होते आणि ईदनंतर घड्याळ जागेवर यायला आठवडा जातो.

नेहमीच्या कुरबुरी

बद्धकोष्ठ बहुतेकांना होते. सहरीला भिजवलेले अंजीर किंवा मनुका, रात्री भाज्या, आणि वर सांगितलेले पाणी यांवर ते सुटते. पित्त आणि जळजळ असेल तर तळण, टोमॅटोचे आंबट रस्से आणि चहा कमी करा, सहरीनंतर लगेच झोपू नका, उशी उंच घ्या. रात्री पायात गोळे येत असतील तर केळे, दही, पालेभाज्या खा आणि मीठ अगदीच तोडू नका. अर्धशिशीवाल्यांना या महिन्यात त्रास वाढू शकतो. झोपेची आणि सहरीची वेळ रोज तीच ठेवल्याने बराच फरक पडतो, आणि प्रतिबंधक औषधाबद्दल आधीच विचारून ठेवता येते. वजन म्हणाल तर अनेक अभ्यासांत महिनाअखेर सरासरी किलो-सव्वा किलो घट दिसते, आणि तीही थोड्याच आठवड्यांत बरीचशी परत येते. वजन उतरवायचा कार्यक्रम म्हणून रोज्याकडे पाहणाऱ्यांची निराशा इथेच होते.

रोजा कधी सोडायचा

हे मात्र पाठ करा, आणि घरातल्या माणसांनाही सांगून ठेवा, कारण साखर उतरली की ज्याची उतरते त्यालाच ते कळत नाही. मधुमेह असेल आणि साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर अंगाला काही जाणवत नसले तरी रोजा तिथेच सोडायचा. थरथर, दरदरून घाम, धडधड, बोलणे अडखळणे किंवा असंबद्ध होणे ही साखर उतरल्याची चिन्हे. लगेच १५ ग्रॅम साखर द्या, म्हणजे पाण्यात विरघळवलेले तीन चमचे, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका, कुशीवर वळवा आणि दवाखान्यात न्या. छातीत दुखणे, दम लागणे, भोवळ येऊन पडणे, उलट्या-जुलाब न थांबणे, ताप, उन्हात काम करताना गोंधळल्यासारखे होणे, आठ-दहा तास लघवीच न होणे, गर्भवतीला बाळाची हालचाल मंदावल्याचे जाणवणे, यांपैकी काहीही असो, पाणी आधी. एखादा रोजा पुढे भरून काढता येतो, त्याची धर्मात सोयच आहे. "आता तासभरच राहिला" म्हणून ओढत नेलेला रोजा मी एकदा अतिदक्षता विभागात संपताना पाहिला आहे. माणूस वाचला, पण मूत्रपिंडे पूर्ववत व्हायला महिने गेले.

ईदच्या दिवशी

ईदला रोजा धरायचा नसतो. नमाजीला जाण्यापूर्वी विषम संख्येत खजूर खाऊन निघण्याची रीत आहे, आणि महिनाभर सकाळी रिकाम्या राहिलेल्या पोटाला तेवढेच सोसते. त्यानंतर घरोघरी गोड पुढे येणार. नाही म्हणता येत नाही, पण प्रत्येक घरी दोन चमचे एवढे म्हणता येते. दोन-तीन दिवस जेवणे लहान आणि जास्त वेळा ठेवा. शव्वालचे सहा रोजे धरायचे असतील तर ते महिन्याभरात कधीही, सलग किंवा सुटे धरता येतात. कझा राहिलेल्यांनी आधी कोणते धरायचे ते आलिमांना विचारावे. औषधे घेणाऱ्यांच्या हातून मात्र याच वेळी एक चूक होते. महिनाभर सहरी-इफ्तारला सरकवलेल्या गोळ्या ईदनंतरही तशाच चालू राहतात, किंवा जुन्या आणि नव्या वेळा मिसळून एक डोस दोनदा पडतो. चंद्र दिसल्याची बातमी आली की त्याच रात्री गोळ्यांची डबी डॉक्टरांनी दिलेल्या मूळ वेळांप्रमाणे भरून ठेवा.